तीन टोले, मग एक

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून, असं ज्यानं म्हटलं त्यानं जहाज कधी सुक्या गोदीत घेतलेलं नसणार. लग्नात एखादा पाहुणा रुसला तर त्याची समजूत काढता येते. भरतीची काढता येत नाही. जहाज आत घ्यायचं, गोदीचं दार लावायचं, पाणी उपसायचं, जहाज लाकडी ठोकळ्यांवर अलगद टेकवायचं आणि अठरा दिवसांत त्याची पाच वर्षांची दुखणी काढून पुन्हा पाण्यात सोडायचं. अठराव्या दिवसाची मोठी भरती हुकली तर तेवढं पाणी पुन्हा पंधरा दिवसांनीच येतं. तोवर जहाज ठोकळ्यांवर आणि आपण सुळावर.

माझं काम कागदावरचं. कुठलं काम कोणत्या दिवशी, कोणाच्या आधी, कोणाच्या नंतर, याची यादी मी करतो. पंचवीस वर्षं करतो आहे. वेल्डर मला उंटावरून शेळ्या हाकणारा म्हणतात आणि ते खोटं नाही. मात्र माझ्या यादीत काम सुटत नाही हा माझा लौकिक होता, आणि मला त्याचा गर्व होता.

शेळ्यांमध्ये प्रत्यक्ष फिरणारा माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ. दादा त्याच गोदीत टाक्यांचा फोरमन होता. जहाजाचा तळ एकेरी नसतो. दोन पत्र्यांच्या मध्ये कमरेइतकी उंच पोकळी असते आणि तिच्या टाक्या केलेल्या असतात. माल उतरवला की त्यांत समुद्राचं पाणी भरतात, म्हणजे जहाज डोलत नाही. टाकीत शिरायला एक लंबगोल तोंड असतं, जेमतेम खांदे मावतील एवढं. आत ओळीनं कप्पे, आणि एका कप्प्यातून पुढच्यात जायला गुडघ्यांवर रांगायचं. दादानं आयुष्याची तीस वर्षं अशी रांगत काढली. त्याबद्दल त्याला खोकला मिळाला, दोन्ही गुडघे गेले आणि उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं उरलं.

आमच्याकडे टाकीत जाणारा माणूस स्वतःच्या नंबराचा पितळी बिल्ला तोंडापाशी लावलेल्या फळीवर अडकवतो आणि बाहेर आला की काढून घेतो. फळी रिकामी म्हणजे टाकी रिकामी. सगळ्या गोद्यांत एवढं पुरतं. आमच्याकडे आणखी एक नियम होता आणि तो दादाचा होता. झाकण घालण्याआधी पान्यानं तोंडाच्या कडेवर तीन टोले द्यायचे, मग वीस आकडे मोजेपर्यंत सगळ्यांनी गप्प राहायचं. आतून काही ऐकू आलं नाही तरच झाकण. दादा विशीत असताना एकदा बिल्ला खिशातच विसरून आत गेला होता आणि वरून झाकण बसलं होतं. पाऊण तास तो पत्रा ठोकत होता. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं त्याचं झालं. "बिल्ला विसरतो माणूस," तो नव्या पोरांना सांगायचा, "ठोकायला विसरत नाही."

गोदीत कोणाला ठाऊक नव्हतं ते एवढंच की तीन टोले आमच्या घरचे होते. लहानपणी आमच्या दोन खोल्यांमध्ये फळ्यांची भिंत होती. आई रात्रपाळीला असायची. मला अंधाराची भीती वाटायची, पण तोंडानं सांगायची लाज वाटायची. मग मी फळीवर तीनदा वाजवायचो. पलीकडून दादा तीनदा वाजवायचा, जरा थांबायचा आणि एकदा वाजवायचा. तीन आणि एक. त्याचा अर्थ आम्ही कधी ठरवला नव्हता, पण तो होता, "मी आहे. झोप." मोठेपणीही त्यानं ते सोडलं नाही. कप खाली ठेवायच्या आधी टेबलावर, दार उघडायच्या आधी दारावर, टाकीतून कोणी हाक मारली तर पत्र्यावर, तीन आणि एक. वेल्डर त्याला आडून 'साडेतीन' म्हणायचे, त्या अर्ध्या बोटामुळे.

मी सांगतो आहे ते जहाज जुनं होतं, पण घाण नव्हतं. दोनशे बारा कामांची यादी होती. डावीकडच्या चौथ्या टाकीचं, म्हणजे आमच्या बोलण्यात डाव्या चारचं, काम अगदी साधं होतं. दोन पत्रे बदलायचे, खरवडायचं, रंगवायचं, बंद करायची. त्या टाकीत सात कप्पे होते.

नवव्या दिवशी तिथला वेल्डर जेवायच्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी आला.

"साहेब, माझ्यासोबत दुसरं कोण लावलंय?"

"कोणी नाही. का?"

"सातव्या कप्प्यात कोणीतरी ठोकतंय. मला वाटलं जोडीदार दिलात."

मी त्याला समजावलं की लोखंडातून आवाज लांबवर जातो; मागं जहाजाचा पंखा काढताना कोणी नट आपटला तर तो पुढं कानाशी वाजतो. त्याला ते पटलं, कारण त्याला जेवायचं होतं.

अकराव्या दिवशी हवा तपासणाऱ्यानं त्याचा कागद दिला. सहा कप्प्यांत प्राणवायू जितका असायला हवा तितका होता. सातव्यात थोडा कमी होता. कामाला धोका नव्हता, नुसता आकडा वेगळा. त्याचंही उत्तर माझ्याकडे होतं. गंज चढताना लोखंड प्राणवायू खातं. टाकीत हवा सोडणारा पंखा वाढवून दिला. दुसऱ्या दिवशी आकडा तेवढाच.

"एखादा माणूस झोपलेला असावा तेवढाच कमी आहे," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

बाराव्या दिवशी आत रंगाचा शेवटचा हात झाला. तेराव्या दिवशी रंगारी तणतणत आला, कोणीतरी ओल्या रंगावर हात टेकून काम बिघडवलं म्हणून. मी स्वतः आत गेलो. मी सहसा जात नाही. सातव्या कप्प्याच्या शेवटच्या भिंतीवर, गुडघ्यांवर बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला, उजव्या पंजाचा ठसा होता. मधलं बोट अर्धं होतं.

संध्याकाळी दादाला म्हणालो, "रंग वाळायच्या आत कशाला शिरलास?"

"कुठं?"

"डाव्या चारमध्ये."

"त्या टाकीत मी अजून पाऊलही टाकलेलं नाही," दादा म्हणाला. "मी शेवटच्या दिवशी बघतो, तुला माहीत आहे." तो जरा खोकला. मग म्हणाला, "एवढ्या मोठ्या गोदीत अर्ध्या बोटाचा मी एकटाच आहे होय?"

नव्हता. गॅस कटरचं काम करणाऱ्या दोघांची बोटं गेलेली होती, मात्र मधलं कोणाचं ते मी तपासलं नाही. तो ठसा पुसून घेतला, वर रंग दिला आणि यादीत त्या कामापुढं बरोबरची खूण केली.

अठराव्या दिवशी भरती दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी होती. तीनच्या आत सगळी झाकणं बसायला हवी होती, कारण त्यानंतर गोदीत पाणी सोडायचं. दोन वाजता फक्त डावी चार उघडी होती. जहाजाच्या मालकांचा माणूस सकाळपासून इतक्यांदा वेळ विचारत होता की त्याचं नाव घड्याळसाहेब पडलं होतं. मी, दादा आणि फिटर, आम्ही तिघं जहाजाच्या रिकाम्या पोटात उभे होतो. वरून ऊन सरळ खाली येत होतं आणि पायाखालचं लोखंड बुटांतूनही गरम लागत होतं. फिटरनं चोवीस नट एका डब्यात मोजून ठेवले होते.

दादानं सात नंबरचा बिल्ला फळीवर अडकवला. तोंडाच्या कडेवर बसून पाय आत सोडले, गुडघे आखडले म्हणून एक शिवी हासडली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ही माझी शेवटची भरती. पुढच्या महिन्यात पेन्शन. मग तुझ्या याद्या तू आणि तुझं नशीब." मग तो आत उतरला. त्याचा खोकला पहिल्या कप्प्यातून, मग दुसऱ्यातून, मग तिसऱ्यातून ऐकू येत राहिला. पुढं तो थांबला.

त्याला एरवी वीस मिनिटं लागत. चाळीस झाली. मी दोनदा आत हाक मारली. दोन्ही वेळा "आलो" असं उत्तर आलं.

दोन चाळीसला तो वर आला. आधी हात, मग डोकं. सरळ उभा राहिला. गुडघ्यांवर हात टेकला नाही. खोकला नाही. सात कप्पे रांगून येणाऱ्याच्या कपड्यांना धूळ लागते. त्याच्या गुडघ्यांवर ती नव्हती. हे सगळं मला तेव्हा दिसलं. दिसलं नाही असं मी आज म्हणणार नाही.

"स्वच्छ आहे," तो म्हणाला. त्यानं बिल्ला काढून खिशात टाकला. "घाला झाकण."

फिटर झाकणाकडे वळला. मी म्हणालो, "टोले?"

"टोले कशाला? बिल्ला घेतला की मी."

फिटर थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांत हे वाक्य त्या तोंडून निघालेलं कोणी ऐकलं नव्हतं.

मला वाटलं, दमला असेल. शेवटचा दिवस आहे. मी फिटरच्या हातातून पाना घेतला आणि कडेवर तीन टोले दिले.

एक, दोन, तीन, असं मी मनात मोजू लागलो.

नऊवर आतून उत्तर आलं.

तीन. जरा थांबून एक.

दादा माझ्या शेजारी उभा होता. दोन्ही हात फडक्याला पुसत होता.

"प्रतिध्वनी असतो," फिटर म्हणाला. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"शेजारच्या टाकीत कोण आहे?" मी वरच्या माणसाला ओरडून विचारलं. बाकी सगळ्या टाक्या कालपासून बंद आहेत, असं त्यानं सांगितलं. ते मलाही ठाऊक होतं. यादी माझीच होती.

मी पुन्हा तीन टोले दिले.

तीन. मग एक.

घाई नव्हती त्यात. आत अडकलेला माणूस जसा जीव खाऊन ठोकतो तसं ते नव्हतं. ते फळीच्या भिंतीपलीकडचं होतं.

मी पाना खाली ठेवला आणि एक पाय आत सोडला. दादानं माझं मनगट धरलं. त्या तापलेल्या लोखंडावर तासभर काढलेल्या माणसाचा हात होता तो, आणि थंड होता.

"तू नको जाऊस," तो म्हणाला. "मी इथं आहे ना?"

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दादाच होता. भुवईवरचा लहानपणीचा व्रण होता. मधलं बोट अर्धं होतं. एक माणूस आत गेला होता आणि एक माणूस बाहेर आला होता. हिशेब जुळत होता. हिशेब चुकला आहे असं म्हणायचं, तर समोर उभ्या असलेल्या माणसाला म्हणावं लागलं असतं की तू माझा भाऊ नाहीस. मला भीती वाटली. त्याला तसं म्हणायची भीती आणि तो त्यावर काय म्हणेल याची त्याहून जास्त.

वरून घड्याळसाहेबांनी विचारलं, "किती वेळ?"

मी पाय वर घेतला.

फिटरनं झाकण बसवलं. चोवीस नट आवळायला त्याला अकरा मिनिटं लागली. तेवढा वेळ आतून आवाज येत होता. तीन आणि एक. तीन आणि एक. शेवटचे चार नट फिटरनं माझ्याकडे पाठ करून आवळले.

मग मी सही केली. कागदावर छापलेलं असतं, 'टोले दिले, उत्तर आले नाही.' त्याखाली.

गोदीत पाणी सोडलं. चार वाजता जहाज ठोकळ्यांवरून सुटलं. मी घड्याळसाहेबांना विचारलं, डावी चार आज रिकामी ठेवता येईल का? त्यांनी कारण विचारलं. माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं. टाक्या भरायच्या क्रमात पहिलं नाव तिचंच होतं आणि तो क्रम दोन आठवड्यांपूर्वी मीच मंजूर केला होता. पंप सुरू झाला तेव्हा दादा काठावर उभा राहून बघत होता. मी रडलो. लोकांना वाटलं, भावाचं शेवटचं जहाज म्हणून.

दादाला पेन्शन मिळाली. खोकला गेला तो गेलाच. गुडघ्यांची तक्रार नाही. जिना धडाधड चढतो. वहिनी खूष होती. पहिल्या महिन्यात मला म्हणाली, "भाऊजी, गोदी सुटली आणि दहा वर्षांनी लहान झाले बघा."

सहा महिन्यांनी म्हणाली, "हल्ली घोरतसुद्धा नाहीत. मी मध्येच उठून हात लावून बघते. श्वास चालू आहे की नाही तेच कळत नाही." ती हसली, पण माझ्याकडे बघत राहिली. मी विषय बदलला. नंतर तिनं तो काढला नाही.

फिटरनं दुसरी गोदी धरली. जाताना मला भेटला नाही.

दादा दर रविवारी माझ्याकडे चहाला येतो. हवापाण्याचं, पोरांचं, भाववाढीचं बोलतो. लहानपणातलं काही काढलं तर "हो, आठवतं" म्हणतो आणि मी पुढं सांगेपर्यंत थांबतो. कप ठेवताना टेबल वाजवत नाही. पहिल्या रविवारपासून वाजवत नाही. एकदा माझी बायको म्हणाली होती, बरं झालं, माझं टेबल वाचलं.

अडीच वर्षांनी तेच जहाज परत यायचं ठरलं. गेल्या आठवड्यात त्याच्या मुख्य इंजिनिअरनं कामांची यादी पाठवली. एकसष्टावं काम असं होतं: 'डावी चार. टाकीत ठोकल्यासारखा आवाज. समुद्र शांत असताना स्पष्ट. क्रम नेहमी एकच, तीन आणि थांबून एक. टाकी भरलेली असतानाही येतो. खलाशी त्या बाजूला झोपायला तयार नाहीत. उघडून पाहावे.'

अडीच वर्षं. खाऱ्या पाण्यात, काळोखात, अडीच वर्षं तो मला सांगत होता की मी आहे, झोप.

काल रविवार होता. यादी टेबलावर होती. दादानं ती स्वतःकडे ओढली आणि बोट लावून वाचत खाली आला. एकसष्टवर थांबला.

"हे काढून टाक," तो म्हणाला. "जुन्या जहाजांत आवाज होतातच. बिल्ला मिळाला होता ना?"

मी बोटाच्या पेरानं टेबलावर वाजवलं. तीनदा.

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग त्यानं दाराकडे पाहिलं.

"कोणी आलंय का?"

मी उठलो, दार उघडलं, बाहेर पाहिलं, दार लावलं. परत येऊन बसलो तेव्हा एकसष्टावर रेघ मारलेली होती. पेन जागच्या जागी होतं.

मी पेन उचललं आणि ते काम पुन्हा लिहिलं, सगळ्यात वर. 'पहिला दिवस, सकाळ. डावी चार उघडणे.' पुढं जबाबदार माणसाचा रकाना असतो. तिथं मी माझं नाव घातलं.

"आत मी जाणार आहे," मी म्हणालो. "सातव्या कप्प्यापर्यंत."

दादानं ते वाचलं. रागावला नाही. चहा संपवला, कप आवाज न करता बशीत ठेवला आणि खिशातून काहीतरी काढून यादीवर ठेवलं. सात नंबरचा पितळी बिल्ला होता. निवृत्त होताना तो परत करावा लागतो.

"जा तू," तो म्हणाला. "झाकणापाशी मी उभा राहतो. टोले द्यायला आपलं माणूस हवं."